अनुस्वाराचे टिंब

अ‍ॅस्टिग्मॅटिझमला मराठीत ‘अबिंदुकता’ म्हणतात : किरण एका बिंदूत मिळत नाहीत. लॅसिकने चष्मा सुटला, पण कॉर्निया ओबडधोबड राहिला आणि प्रत्येक अनुस्वाराशेजारी दुसरे टिंब उमटू लागले. मराठी शिकवणाऱ्याची याहून क्रूर थट्टा कोणती! यावर चष्मा पुरत नाही. मऊ लेन्स त्या खाचखळग्यांनुसारच वाकते. स्क्लेरल लेन्स मात्र कडक असते, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या पोकळीतले सलाईन खळगे भरून काढते. (अ‍ॅडॉल्फ फिक यांच्या १८८८ मधल्या काचेच्या लेन्सखाली द्राक्षशर्करेचे द्रावण असे!) चाकणच्या धुळीत तिची रोजची धुलाई जिकिरीचीच. रात्री नाशिक रस्त्यावर ट्रकचे दिवे अजून थोडे फाकतात. मुद्रितशोधनात मात्र ‘संत’वर आता एकच टिंब दिसते.