सोवळ्यातली बादली

आमच्या सिद्धेश्वर गावाला पाण्याचा तोटा नाही. पूर्णेवरचं धरण १९६८ साली पुरं झालं, वरून येलदरी धरणाचं पाणी येतं. पण हे सगळं गोडं. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब, त्यामुळे बैठकीतल्या काचेच्या टाकीसाठी खारं पाणी मला घरीच कालवावं लागतं: आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेलं, मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य दाखवणारं पाणी, आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षारता येईल एवढं सागरी मीठ. त्यात क्लाउनफिशची जोडी, कोळंब्या, गोगलगायी आणि मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघासोबत त्यांचंही नाव आहे. त्यांची जागा मालवणच्या समुद्रात.

मीठ मोजायला मीटर आहे. घरातली हवा आणि माणसांचे हात मोजायला काही नाही, म्हणून माझी खरी राखण तिथे असते.

तांब्याचंच घ्या. आमच्याकडे तांब्याच्या घागरीतलं पाणी प्रकृतीला चांगलं मानतात. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यही तांब्याचंच, पण पाण्यात तांबं जरा वाढलं की तीच कोळंबी मरते. माशांच्या रोगावर लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं देतात. मासा त्यात तगतो. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ तगत नाहीत. म्हणून टाकीच्या पाण्याच्या वाटेवर पितळी तोटी किंवा पितळी जोड मी कुठेच ठेवलेला नाही. पाणी कालवायची झाकणाची बादली वेगळी आहे, आणि घरात तिचं सोवळं पाळलं जातं. धुण्याची पावडर, फिनेल, भांड्यांचा साबण यांचा हात तिला लागत नाही. साबणाचा अंश माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट थर धुऊन काढतो. टाकीत हात घालण्याआधी मी कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने हात चोळून धुतो; क्रीम, अत्तर, ओडोमास त्या दिवशी वर्ज्य.

हवेचं प्रकरण अवघड. टाकीतला स्किमर, म्हणजे फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र, खोलीतली हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे करून पाण्यात घुसळतो. खोलीत जे जळेल, जे फवारलं जाईल, ते त्या नळीतून आत येणार. धरणाकाठचं गाव, डास भरपूर. पण कॉइल आणि मशीनमधली औषधं किड्यांसाठी केलेली, आणि कोळंबी त्या किड्यांचीच भाऊबंद. आम्ही आता मच्छरदाणी लावतो. आई म्हणाली, "मग देवापुढं उदबत्ती बी लावायची नाही का रे?" लावायची. देवघर आतल्या खोलीत आहे. मी स्किमरची नळी खिडकीतून बाहेर काढली आणि तिच्या तोंडाला विष शोषणाऱ्या सक्रिय कोळशाची डबी बसवली. देवाला आणि आईला अडवून केलेला छंद घरात टिकत नाही, टिकूही नये.

बाहेरची हवाही निर्धास्त नाही. पावसाळ्यात सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू झाली की वारा वावरातून घराकडे येतो. त्या दिवसांत नळी परत आत घेतो, खिडक्या लावतो, टाकीच्या पाण्यातला तसलाच कोळसा लवकर बदलतो. बाबांचे फवारणीचे कपडे अंगणातच उतरतात, पंप गोठ्याशेजारच्या खोलीत. याचा फायदा टाकीपेक्षा धाकट्या पुतण्याला जास्त, असं वहिनींचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

विष उलट दिशेनेही येतं. झोअँथिड गटातल्या काही प्रवाळसदृश प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे विष असतं. असे प्राणी चिकटलेला दगड उकळून साफ करायला गेलेली माणसं वाफेने गंभीर आजारी पडलेली आहेत. म्हणून असा दगड उकळायचा नाही, कोरडा घासायचा नाही, हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळायचा नाही.

एवढं करूनही संशय आला, तर मी आधी गोगलगायी बघतो. काचेवरच्या गोगलगायी तळाला पडल्या आणि प्रवाळ मिटले, की तपासण्या नंतर. आधी चौथाई पाणी बदलायचं आणि नवा कोळसा घालायचा. त्यासाठी कालवलेलं एक पिंप नेहमी भरलेलं असतं.