सर्वणच्या वाटेवर

सर्वण हे गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एक शांत खेडे. शेजारच्या कारापूरशी त्याची जोडी. काजूच्या टेकड्या, कुळागरांची गर्द सावली आणि मधूनच खाणींची तांबडी माती पाहत जाणाऱ्या वाटसरूला ह्या मुलखातून कधी लढाई गेली असेल, असे वाटतही नाही. परंतु १९६१ च्या डिसेंबरात दोडामार्गाच्या बाजूने उतरलेले भारतीय सैन्य फोंड्याच्या दिशेने गेले ते ह्याच तालुक्यातून. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आले. लढाई आटोपली, पण तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज शिपाई कैदेत उरले. त्यांचे पुढे काय?

फोंड्याच्या छावणीतील काही कैद्यांनी १९ मार्च १९६२ रोजी, ऐन संत योसेफच्या सणादिवशी, कचऱ्याच्या ट्रकमधून निसटण्याचा बेत केला. तो फसला. जबाबदार पोर्तुगीज अधिकाऱ्यांवर लष्करी खटल्याची व देहदंडाची पाळी येऊ घातली. तेव्हा सैन्याबरोबरचे येशूसंघीय धर्मगुरू फादर फेरेइरा दा सिल्वा मध्ये पडले आणि प्रकरण निवळले.

मे महिन्यात हे शिपाई विमानाने कराचीस व तेथून बोटींनी लिस्बनला गेले. तेथे स्वागत कसले? लष्करी पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना घेरले! मरेपर्यंत लढा, अशी सालाझार यांची आज्ञा होती. जिवंत परतणे हाच त्यांचा गुन्हा ठरला. व्हासालो इ सिल्वा यांना १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. पुढे १९८० मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा ज्यांच्यावर त्यांनी राज्य केले होते त्याच लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गोमंतकीयांच्या ह्या मनाचे मला मोठे कौतुक वाटते.

आपल्या बाजूचा एक लढवय्या मात्र अजून परमुलखात अडकलेला होता. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे सावई-वेरे येथे मराठी शिकवीत. १९५५ मध्ये बेती येथील पोलिस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला, तरी त्यांची पोर्तुगालमधील कैद सुटेना. अखेर मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे रदबदली केली. पोपमहाशयांनी शब्द टाकला आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. हाती शस्त्र घेतलेला हा मास्तर पुढे गोव्यात रेडक्रॉसच्या सेवाकार्यात रमला.