पाच उंदीर, एक पडदा

शाळेत संगणक आला त्या दिवशी आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला. चौथीत मुलं एकोणतीस आणि संगणक एकच! पाच-सहा जणांचा घोळका समोर बसवायची, तरी माऊस कायम सरपंचांच्या नातवाच्या मुठीत. दोघं-तिघं ‘इकडे, तिकडे’ करून ओरडणार, बाकीची नुसती बघणार. एक मुलगी तर नेहमी मागेच उभी. काही विचारलं की मान खाली. मी तिच्यावर मनातल्या मनात ‘मंद’ असा शिक्का मारून मोकळी झाले होते.

२०१० च्या दिवाळीत मुलगा बंगळूरहून आला, तेव्हा हे सहज त्याच्या कानावर घातलं. “अगं आई, मग एकाच संगणकाला पाच माऊस जोड ना!”

“आणि बाण एकच? मारामारी होईल रे.”

एरवी तसंच होतं म्हणे. पण मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रानं काही वर्षांपूर्वीच असा प्रोग्रॅम केला होता, की प्रत्येक माऊसचा बाण निराळ्या रंगाचा. तिकडच्या खेड्यांतल्या शाळांत त्यांनी तो वापरून पाहिला. शर्यत लावली की मुलगे विचार न करताच टिचक्या मारत सुटत. म्हणून दुसरा नियम केला : सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही.

चिरंजीवांनी तसंच काहीसं आमच्या संगणकावर बसवून दिलं. पहिला दिवस ‘माझा बाण कुठला?’ यातच गेला. जो तो आपला माऊस गरगर फिरवून पाहत होता. नातवाचा लाल बाण तर इतरांच्या मागे पळत होता!

दुसऱ्या दिवशी संगणक म्हणाला, “शीप.” चार बाण जहाजावर गेले. हिरवा एकटाच मेंढीवर. पडदा अडून बसला.

“हिरवा कोणाचा? ए, बदल ना!” नातू खेकसला.

“नाही बदलणार. जहाज म्हणजे शिप. हे शीप आहे.”

तो आवाज मी वर्षभरात प्रथमच ऐकत होते. थोडी कुरकुर झाली, मग एकेक बाण मेंढीवर आला. लाल सर्वांत शेवटी.

तिच्या प्रगतिपुस्तकातला माझा शेरा मी त्याच दुपारी पांढऱ्या शाईनं खोडला. खोडलेलं दिसतंच, म्हणा.