हिरव्या डोक्याचा दगड

बालिंगा, कळे मागं पडलं की गगनबावड्याचा रस्ता कुंभी नदीची सोबत धरतो. पावसाळ्यात मांडुकलीपाशी हीच नदी रस्त्यावर येते आणि वाहतूक ठप्प होते. आम्ही निघालो दिवाळीनंतर. असळजच्या कारखान्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत गेलो.

पुढं गवतात कललेला मैलाचा दगड दिसला, म्हणून गाडी बाजूला घेतली. डोकं पिवळं, पण पोपडे उडाले होते तिथं खालचा हिरवा रंग उघडा पडलेला. हिरवा राज्यमार्गाचा, पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा. आकडा पार झिजला होता. बोट फिरवल्यावर ‘बावडा’ एवढंच हाताला लागलं. कोल्हापूर–गगनबावडा–तळेरे हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६६ जी आहे. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले. मुंबई–गोव्याचा १७ जाऊन ६६ आला, पुणे–बंगळूरचा ४ जाऊन ४८. कोल्हापूरकराच्या तोंडचा ‘एनएच फोर’ मात्र अजून गेलेला नाही.

गगनबावड्यात, म्हणजे इथल्या बोलीत बावड्यात, चहाला थांबलो. टपरीवाल्याला जुन्या रस्त्यांचं विचारलं, तर तो न झालेल्या रस्त्यावरच घसरला. “पाव्हणं, रेल्वे येणार म्हणत्यात. आमच्या पोरांचं लगीन झालं, रेल्वे काय आली न्हाई.” कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा लोहमार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. कोकण रेल्वेला घाटावरची रेल्वे जोडणारा तो दुवा अजून कागदावरच आहे.

गगनगडावर चढलो. बावडा ही मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या घराण्याची जहागीर. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात पंतांनी बजावलं आहे, की गडाची वाट सोपी असू नये. असलीच तर मोडून, झाडी वाढवून अवघड करावी. असं लिहिणाऱ्याचं घराणं नांदलं ते नेमकं घाटवाटांच्या तोंडाशी! गावातून एक फाटा करूळ घाटानं वैभववाडी–तळेऱ्याला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडे. खारेपाटण हे शिलाहारांच्या काळापासूनचं खाडीकाठचं बंदर. तिथं उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा.

आम्ही करूळनं उतरलो. रुंदीकरणात एक वळण सरळ झालं आहे आणि जुन्या डांबराचा तुकडा बाजूला पडला आहे. कडेला दगडी कठडा, त्यावर शेवाळ, मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या भेगेतून करवंदीचं रोप वर आलेलं. वाट मोडून झाडी वाढवायची पंतांची आज्ञा इथं पाऊस बिनपगारी पाळतोय.

पण घाटात कुठलीच वाट कायमची निकालात निघत नाही. २०२४ च्या सुरुवातीला काँक्रिटीकरणासाठी करूळ घाट बंद झाला आणि वाहतूक अरुंद भुईबावड्यावर आली. पावसाळ्यात तिथंही दरडी कोसळतात. मग फोंड्याचा नाहीतर आंबा घाटाचा वळसा घ्यायचा. सरकारदरबारी एका रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. इथले ड्रायव्हर क्रमांक विचारतच नाहीत. ते बावड्यात काच खाली करून एवढंच विचारतात, “आज कुठला चालू हाय?”