मायचा सातबारा

चळवळीतली कोणतीही म्हातारी बाई गेली की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात 'त्यागमूर्ती' हा शब्द हमखास ऐकू येतो. आमची आजी गेली तेव्हाही तो ऐकू आला. घरात आणि वस्तीत तिला लहानथोर सगळेच 'माय' म्हणायचे. वक्त्यांनी भरभरून सांगितलं की तिनं नवऱ्याला चळवळीत साथ दिली, लेकरं शिकवली आणि स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी आम्हाला मान्य नाही. माय आयुष्यभर मागत आली, आणि भांडून मागत आली.

तिची जन्मतारीख कुठल्याच कागदावर खरी नव्हती. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती नुकतीच नांदायला आली होती, एवढाच तिचा हिशेब. मराठवाड्यातल्या आमच्या गावात ते वारं पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पोचलं. पुरुषांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, हे सगळे अभिमानानं सांगतात. पण घरातले देव टोपल्यात भरून नदीला कोणी सोडले? बायांनी. सासू रडत होती, जावा घाबरल्या होत्या आणि माय टोपलं डोक्यावर घेऊन पुढं चालली होती. मग गावानं कामावर बोलावणं बंद केलं, तेव्हा रिकाम्या चुलीला उत्तर देण्याची वेळही तिच्यावरच आली.

६ डिसेंबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षानं दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यात कडेवर लेकरं घेतलेल्या बायाही होत्या. माय त्यातली एक, आणि तिच्या कडेवर आमचे वडील होते, दीड वर्षाचे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मुकादम बायांच्या ढिगाचं माप कमी धरतो हे लक्षात आल्यावर तिनं सगळ्या बायांना खाली बसवलं आणि पुन्हा मोजणी करायला लावली. दुष्काळ सरता सरता आजोबा वारले. त्यानंतरची मोठी लढाई तिनं एकटीनंच लढली.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. आमचं घरही त्यात गेलं. मायनं पेटत्या घरातून एक पत्र्याची डबी तेवढी बाहेर काढली. तिच्यात रेशन कार्ड आणि पोरांचे शाळेचे दाखले होते. बाबासाहेबांचा फोटो का नाही काढला, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "फोटू बाजारात भेटतो. दाखला कोन देतंय माघारी?" त्याच कागदांवर वडील पुढं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात गेले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली उभं केलेलं हे महाविद्यालय आमच्यासारख्या किती घरांचा पहिला उंबरा आहे, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको.

त्या डबीत थोरल्या आत्याचाही दाखला होता, चौथीचा. त्यापुढं ती शिकली नाही. माय खडीवर जायची तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. वडील मिलिंदपर्यंत पोचले त्यात आत्याच्या सुटलेल्या शाळेचा हिस्सा आहे. माय हे विसरली नव्हती. "थोरलीचं देनं हाय माझ्यावर," असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

आणि म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत. तहसीलला बरीच वर्षं खेटे घातल्यावर मायच्या नावावर गायरानातली दोन एकर जमीन झाली होती. ती गेल्यावर वारस नोंदीचा विषय निघाला. नात्यातल्या जाणत्यांनी सांगितलं, दोन्ही आत्यांची हक्कसोडपत्रं करून घ्या, तशी पद्धतच आहे. यातले काहीजण दोन दिवसांपूर्वी माइकवर मायला त्यागमूर्ती म्हणाले होते. आईच्या त्यागाचं कौतुक करायचं आणि मग तोच त्याग तिच्या लेकींकडून वसूल करायचा!

कायदा काय सांगतो? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मालमत्तेत लेक आणि लेकी सारख्याच वारस. हा हक्क आकाशातून पडला नाही. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे १९५१ साली बाबासाहेबांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला त्यामागचं एक मोठं कारण होतं. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन साजरा करायचा आणि २६ ला बहिणीला रजिस्ट्री कचेरीत नेऊन सही घ्यायची, याला काय म्हणायचं?

काहीजण म्हणतील, बहिणी स्वखुशीनं सोडतात. आमची थोरली आत्याही म्हणाली, "मला कशाला? दिवाळीला एक लुगडं केलं तरी बास." पण ही खुशी नीट पाहिली पाहिजे. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती त्या लुगड्याच्या घडीत असते. काहीजण म्हणतील, दोन एकर कोरडवाहूचे तुकडे करून काय मिळणार? तीन भाऊ असते तर हा प्रश्न कोणी विचारला असता का?

वडील दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तलाठ्याकडे अर्ज दिला, तिघांच्या नावांचा. म्हणाले, "दाखला मायनं वाचवला, पण शाळा थोरलीनं सोडली." आता सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत. थोरलीनं उतारा हातात घेतला, स्वतःचं नाव बोटानं शोधलं आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. काही नातेवाईक अजून बोलत नाहीत.

मित्रांनो, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बायांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केलं. ते काम आपल्या प्रत्येक घरात शिल्लक आहे. घरातली माय, आजी, आत्या आहे तोवर तिला विचारा, ती कुठल्या मोर्चाला गेली, कुणाशी भांडली, तिची शाळा कितवीत सुटली. लिहून ठेवा. आणि पुढच्या पुण्यानुमोदनाला 'त्यागमूर्ती' म्हणायला उभे राहाल, तेव्हा तिच्या लेकींची नावं वारस नोंदीत लागली का, एवढं आधी विचारून घ्या.

जय भीम!