घासणे आणि राखणे

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून घासण्याचा एक मोठा उत्सव सुरू होतो. फराळाचा वास दरवळण्याआधी आठ दिवस चिंचेचा वास दरवळतो. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, समया-निरांजने न्हाऊन निघतात, आणि ज्या तांब्याकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलेले नसते त्यात घरातल्या माणसांना आपापले चेहरे दिसू लागतात. या घासण्याचे मला कौतुक आहे. पण त्याहून अधिक कौतुक मला कल्हईवाल्याचे वाटत आले. तो भात्याचा फुसफुसाट, नवसागराचा तो पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यामागून भांडेभर धावत जाणारी ती रुपेरी लकेर!

चिंच आणि कल्हई, दोन्हींनी भांडे चकाकते. म्हणून पाहणाऱ्याला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात. पण जरा विचार करा. चिंच भांड्यावरचा काळा थर काढते आणि त्याबरोबर भांड्याचाही अगदी किंचित अंश घेऊन जाते. कल्हई काही नेत नाही. ती एक थर देते. एक घेणारी, एक देणारी. घासणे वेगळे आणि राखणे वेगळे. हा भेद स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणाही बाईला ठाऊक असतो. मोटारीच्या रंगालाही तो तसाच्या तसा लागू पडतो, हे मला यंदा एका लाल गाडीने शिकवले.

ही गाडी माझ्या थोरल्या भावाची. साक्रीत दादाचे बियाण्यांचे लहानसे दुकान होते. २०११ साली त्याने ती लहानशी लाल मोटार नवीकोरी घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. दादाला जाऊन आता तीन वर्षे झाली. वहिनी शिवणकामावर घर चालवतात. पुतणीला नाशिकला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा समोर आला, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, गाडी विकून टाकू. तिची पंधरा वर्षं भरत आलीत. पुन्हा नोंदणी, पुन्हा खर्च. मात्र जाताना ती जरा बऱ्या रूपात जाऊ दे."

गाडीचे रूप त्या वेळी फारसे बरे नव्हते. आमचे साक्री सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. पूर्वी त्याला ६ नंबरचा रस्ता म्हणत, आता त्याचा नंबर ५३ आहे. नंबर बदलला, धूळ तीच राहिली. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा वारा आमच्या अंगणातही येतो आणि रिकाम्या हाताने येत नाही. गाडी लिंबाखाली ताडपत्री घालून ठेवलेली होती. पण गाडीवर आधीच धूळ असली आणि वर ताडपत्री वाऱ्याने हलत राहिली, म्हणजे ती पांघरूण न राहता घासणी होते. टपावर पाखरांनी आपल्या सह्या केल्या होत्या. मूळचा कुंकवासारखा रंग विटून फिकट गुलाबी झाला होता आणि त्यावर हात फिरवला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागत होती. मी मास्तर माणूस. खडूची भुकटी मला परकी नाही. पण गाडीवर ती पाहून वाईट वाटले.

सर्दीवर औषध सांगणारे आणि गाडीच्या चकाकीवर उपाय सांगणारे यांची संख्या जगात बहुधा सारखीच असावी. चहाच्या टपरीवर मी नुसता विषय काढला, तर एक ट्रकवाला म्हणाला, "मास्तर, डिझेलना बोळा फिरावा, गाडी आरसाना मायक व्हई जाई!" दुसऱ्याने खोबरेल तेल सुचवले. तिसऱ्याने दात घासायची पेस्ट सांगितली. यात कुणी अगदीच खोटे बोलत नव्हते. डिझेलने आणि तेलाने गाडी चकाकते खरी; पण ती दुपारपर्यंत. त्या ओशट थराला रस्त्यावरची धूळ अशी चिकटते की संध्याकाळी गाडी पिठीत लोळवलेल्या करंजीसारखी दिसते. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणून तिने एखादा ओरखडा फिका होतो. मात्र ती पूड दातांसाठी केलेली असते. रंगाला ती किती खाईल याचा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

अखेर मी आणि वहिनी गाडी घेऊन धुळ्याला गेलो. तिथे गाड्या चमकवून देणारी एक कार्यशाळा आहे. तिथल्या तरुण कारागिराने गाडीभोवती एक फेरी मारली, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेतले आणि बॉनेटवर जरासे चोळले. फडके लालभडक झाले. वहिनी दचकल्याच. "घाबरू नका, काकू," तो म्हणाला, "हा एकेरी रंग आहे."

मग त्याने जे समजावले ते माझ्या विद्यार्थ्यांनाही कळेल इतके सोपे होते. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला चिकटून अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांवर एक पारदर्शक थर असतो. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. छापखान्यातल्या एका कागदाएवढी! अशा गाडीवर पॉलिश केले तर फडक्यावर रंग येत नाही, कारण घासला जातो तो वरचा पारदर्शक थर. एकेरी रंगावर हे कवच नसते. ऊन आणि हवा थेट रंगालाच खातात आणि तो विटतो. पण विटलेला भाग वरवरचा असतो. तो हलक्या हाताने काढला की खाली मूळ रंग जिवंत सापडतो.

रंगाच्या या शास्त्राला मोठा इतिहास आहे. पूर्वी मोटारींना ब्रशने रंगाचे आणि व्हार्निशचे थरावर थर देत आणि ते वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत काळ्याच रंगात मिळे. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने झटपट वाळणारा, फवाऱ्याने मारायचा रंग बाजारात आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या होऊन रस्त्यावर आल्या. त्या रंगाचे नाव होते 'ड्युको'. आपल्याकडे आजही एखादे कपाट फवाऱ्याने रंगवून घेतले की आपण 'ड्युको मारला' म्हणतो. कंपनीचे नाव कुणाच्या ध्यानीमनी नाही, पण शब्द मात्र सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या जिभेवर रुळला आहे.

कारागिराने मग खिशातून काडेपेटीएवढे एक यंत्र काढले. पत्र्यावर टेकवले की रंगाची जाडी सांगणारे ते यंत्र. बॉनेटवर आकडा आला १०५. टपावर ११०. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आला ४८०.

"काकू, हे दार ठोकून घेतलंय. आत लांबी भरलीय आणि वरून रंग मारलाय," तो म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "छे! गाडीला कधी काही झालं नाही." आणि मग त्या एकाएकी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकदा पावसाळ्यात हे माल आणायला म्हणून आले ते दोन दिवस धुळ्यालाच राहिले. माल आला नाही म्हणून सांगितलं होतं." त्या हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "मला भ्यायचे हो ते, भाऊजी!"

माणूस गेल्यावर तीन वर्षांनी त्याची एक लहानशी लबाडी उघडकीस यावी, आणि तिचा राग येण्याऐवजी तो माणूस क्षणभर शेजारी येऊन उभा राहावा, असा प्रसंग मी माझ्या एकाही कादंबरीत लिहू शकलो नव्हतो.

कारागीर भला होता. गाडी विकायची आहे हे कळल्यावर त्याने धंद्यातली युक्ती सांगितली. "विकायचीच आहे तर ग्लेझ मारून देतो. ओरखडे भरून येतात, गाडी लखलखते. चारदोन वेळा धुतली की ओरखडे परत दिसतात, पण तोवर गाडी गेलेली असते. दाराचं तुम्ही बोलू नका. डोळ्यांना कळत नाही." दुसरा मार्ग सिरॅमिक लेपाचा होता. हा लेप सिलिकेचा, म्हणजे आमच्या नदीतल्या वाळूच्याच कुळातला. तो वर्ष-दोन वर्षेही टिकतो. पण तो ओरखडे बुजवत नाही. खाली जे असेल त्यावर काच बसवावी तसा तो बसतो, म्हणून आधी पॉलिश करावेच लागते. आणि त्याचा खर्च वहिनींच्या दोन महिन्यांच्या शिलाईएवढा होता.

मी वहिनींकडे पाहिले. फीचा आकडा आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे होता. त्या म्हणाल्या, "जे आहे ते दिसू दे. फक्त स्वच्छ दिसू दे."

म्हणून आम्ही पॉलिश, मेणाची डबी आणि चारदोन मऊ फडकी विकत घेतली आणि घरी आलो. भाद्रपदातला एक कोरडा रविवार साधून काम काढले. वाचकांपैकी कुणाच्या दारात जुनी गाडी असेल तर क्रम सांगून ठेवतो, कारण अभ्यंगस्नानाप्रमाणे इथेही क्रमालाच महत्त्व आहे.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यावी; कोरडे फडके मारणे म्हणजे वाळूने घासणे. पाखरांची घाण ओल्या फडक्याने भिजवून मऊ करावी, खरवडू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे, म्हणजे रेती पुन्हा गाडीवर जात नाही. कपड्यांची पावडर वापरू नये. आमच्या बोअरचे पाणी जड; ते अंगावरच वाळले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून गाडी लगेच टिपून घ्यावी. डाग आधीचे असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा धुवावे. नंतर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटे फिरवावीत. खरखर लागली तर कण रुतले आहेत असे समजावे. ते काढायला कणकेच्या गोळ्यासारखी एक खास माती मिळते. शाम्पूच्या पाण्यावरून ती अलगद सरकवली की कण उचलले जातात.

यानंतर घासणे. इथे मला माझा धंदा उपयोगी पडला. पॉलिश म्हणजे खोडरबर. चूक पुसते, पण कागदही झिजवते. फार जोराने खोडणाऱ्या मुलाच्या वहीला भोक पडते. रबिंग कंपाउंड भरड, पॉलिश बारीक. म्हणून पहिल्याने सौम्य पॉलिश घेऊन तळहाताएवढ्या जागेवर करून पाहावे. तेवढ्याने भागले तर भरडाच्या वाटेला जाऊ नये. कडा आणि कोपरे यांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथे हात आवरावा. ज्या ओरखड्यात नख अडकते तो खोल असतो. तो घासून जात नाही, त्याच्यामागे लागून भोवतालचा रंग मात्र जातो. असे दोन ओरखडे आम्ही तसेच राहू दिले. पुतणीने टपाचा भाग घेतला, वहिनींनी दारे, मी बॉनेट. संध्याकाळपर्यंत फडक्यांचा ढीग लाल झाला होता आणि गाडीला तिचा २०११ चा रंग पुष्कळसा परत मिळाला होता.

शेवटी मेण. हे कार्नौबाचे, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचे. तिकडच्या कोरड्या हवेत आपल्यातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेण चढवते. ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून खानदेशच्या वैशाखातही ते थोडाबहुत दम धरते. थर पातळ द्यावा, जरा सुकू द्यावा आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. ते फार तर दोन महिने टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक. पण मेण पुन्हा पुन्हा लावले तरी गाडीचे काही जात नाही. घासणे आयुष्यात चारदोनदाच परवडते. राखणे कितीही वेळा करावे.

गाडी पाहायला पिंपळनेरचा एक तरुण शिक्षक बायकोसह आला. गाडी दोघांना आवडली हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. मी भावाचे बोलणे काढणार, एवढ्यात वहिनी पुढे झाल्या आणि त्या डाव्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "हे दार ठोकलेलं आहे. आत लांबी आहे. आणि हे दोन ओरखडे जाणारे नाहीत."

तरुण विचारात पडला. त्याने पाच हजार कमी सांगितले. वहिनींनी ते मान्य केले. पैसे मोजताना तो मला हळूच म्हणाला, "सर, यापूर्वी चार गाड्या पाहिल्या. सगळ्या चकाकत होत्या. पण या काकूंनी दाराचं सांगितल्यावर बाकीच्या गाडीची काळजी मिटली."

ते पाच हजार मी नंतर वहिनींना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "शिलाईचे दिवस आहेत, होईल," म्हणाल्या. फीचा पहिला हप्ता वेळेवर गेला.

मेणाची डबी अर्धी उरली होती. गाडी निघताना वहिनींनी ती त्या नव्या सूनबाईच्या हातात दिली आणि दोन महिन्यांनी पुन्हा लावायला सांगितली.