नेम

'नेम' हा आपल्या मायबोलीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बंदुकीचा नेम तोही नेमच, आणि न चुकता पाळावयाचा नियम तोही नेमच. शब्बाथचे दिवे लावण्याचा आजीचा नेम आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. वयाची पन्नाशी उलटल्यावर आम्ही ज्या खेळाकडे वळलो, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना आम्हांस आढळले. हा खेळ म्हणजे पिस्तुलाची चपळ नेमबाजी. तिला 'प्रॅक्टिकल शूटिंग' असे म्हणतात. शाळामास्तराने या वयात पिस्तूल का हाती धरावे, असे अनेक स्नेह्यांनी विचारले, म्हणून हा लेखनप्रपंच.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलमध्ये शस्त्रपरवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांची रीघ लागली, हे वाचक जाणतातच. आमच्या शिक्षकखोलीतही दुसरा विषय नव्हता. वर्गात शिकवीत असतानाही आमची नजर दाराकडे आणि खिडक्यांकडे जाऊ लागली. आपणही पिस्तूल घ्यावे, असा विचार आम्ही घरात बोलून दाखविला. त्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, नातवंडं अजून रांगतायत. पिस्तूल घरात आलं, तर मला झोप लागायची नाही."

त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, कोणी पडून रक्तपाताचा दोष घराला लागू नये, अशी तोऱ्हाची आज्ञाच आहे. भीतीपोटी आणलेल्या शस्त्रालाही असाच कठडा हवा. शेवटी असे ठरले की, घरात शस्त्र आणावयाचे नाही. क्लबाच्या मैदानावर, क्लबाच्याच पिस्तुलाने, शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्या तेवढी शिकावयाची. अशा रीतीने आम्ही नवशिक्यांच्या वर्गात दाखल झालो. पस्तीस वर्षांच्या तरुणापुढे विद्यार्थी म्हणून बसण्यात एक वेगळाच आनंद होता.

नेमबाजी म्हटले की आपणां मराठी माणसांस कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे आठवतो. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात नेमबाज आपल्या जागेवरच गुडघ्यावर, आडवा आणि उभा अशा तीन स्थितींतून नेम धरतो. आमच्या खेळात मात्र नेमबाज धावतो, वळतो, भिंतीआडून डोकावतो, खिडकीतून वाकून पाहतो आणि वाटेत पिस्तुलाचे मॅगझिनही बदलतो. लक्ष्ये काही पुठ्ठ्याची, तर काही गोळी लागताच खाली पडणारी पोलादी असतात. अमेरिकेच्या मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर हे या खेळाचे एक प्रमुख प्रवर्तक. मे १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद आहे. त्यात अचूकतेला पहिले स्थान आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गुणांची रीत मास्तरांना आवडावी अशी आहे. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर तीन विभाग असतात. आमच्या वर्गातील पिस्तुलांना मधल्या विभागासाठी ५, त्याबाहेर ३ आणि कडेला १ गुण मिळतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे. समजा, सहा लक्ष्ये आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या. म्हणजे जास्तीत जास्त गुण ६०. एका चपळ तरुणाने १० सेकंदांत ४८ गुण मिळविले, तर भागाकार ४.८. आम्ही जपून २० सेकंदांत ५६ मिळविले, तर २.८. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याच्या पदरी पूर्ण ६० गुण पडतात. आम्हांस त्या प्रमाणात ३५. मात्र लक्ष्य चुकले की १० गुणांचा दंड होतो. शिवाय मधूनमधून 'याला मारू नये' अशा खुणेची लक्ष्ये उभी असतात. त्यांना लागलेल्या गोळीमागे आणखी १० गुण जातात. कोणावर गोळी झाडावयाची नाही, हे ओळखणे हाही परीक्षेचाच भाग आहे.

परंतु या खेळाचे खरे मर्म त्याच्या बंधनांत आहे. मैदानावर प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे आणि म्यानात असते. अधिकाऱ्याने आज्ञा दिल्यावाचून कोणी काडतूस भरीत नाही. शस्त्र हाताळून पाहण्यासाठी एक जागा राखून ठेवलेली असते. तेथे काडतुसाला स्पर्श करण्याचीही मनाई असते. धावताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापापासून दूर, बाहेरच्या कडीच्याही बाहेर ठेवावे लागते. पिस्तुलाचे तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच असावे. ते डावीउजवीकडे काटकोनापलीकडे वळले की खेळाडू बाद. पिस्तूल हातून पडले तरी बाद, आणि तेही एका फेरीपुरते नव्हे, तर संपूर्ण सामन्यातून.

एका सामन्यात राखीव सेवेतून नुकताच परतलेला एक तरुण फार सुंदर खेळत होता. डावीकडे धावत मॅगझिन बदलताना त्याच्या पिस्तुलाचे तोंड मर्यादेबाहेर गेले. "थांबा!" अशी आरोळी झाली आणि त्याचा सामना तेथेच संपला. गोळी सुटली नव्हती, कोणाला इजा नव्हती. तरीही सवलत नाही. त्याने वाद घातला नाही. पिस्तूल रिकामे करून दाखविले, ते पिशवीत ठेवले आणि संध्याकाळपर्यंत इतरांच्या लक्ष्यांवरील भोकांना कागदी ठिगळे चिकटवीत राहिला. आम्ही तीस वर्षे वर्गात शिस्तीवर व्याख्याने दिली. त्या मुलाने एक शब्द न बोलता जे शिकविले, ते त्यांहून मोलाचे होते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. या खेळाने आपण संकटकाळी शूर ठरू, असा आमचा मुळीच दावा नाही. खेळ तो खेळ. येथे समोरून कोणी गोळी झाडीत नाही. मग लाभ तो कोणता? भीतीने आवळलेल्या हातून नेम लागत नाही, श्वास संथ असेल तरच लागतो, हे शरीराला पटते. गेल्या दीड वर्षांत आमची नजर पुन्हा दाराऐवजी मुलांच्या चेहऱ्यांवर स्थिरावली, एवढा लाभ आम्हांस पुरेसा वाटतो.

आपल्या समाजाला शस्त्र नवे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींत आपले कितीतरी पूर्वज नोकरीस होते. तसेच शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्यांचेही आपण वंशज आहोत. म्हणून शनिवारच्या सामन्यांना आम्ही जात नाही. त्यामुळे गुणतक्त्यात आमचे नाव खाली राहते; राहो. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी 'सीनियर' असा निराळा गट असतो, तेवढा दिलासा आहे.

ज्या घरांत परवान्याचे पिस्तूल आधीच आले आहे, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. सक्तीच्या काही तासांच्या शिक्षणावर थांबू नका. नियमित सराव ठेवा आणि शस्त्र कुलपात ठेवा. ज्या घरांत ते नाही, त्यांनी केवळ शेजाऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये. खेळाची आवड असेल, तर डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षक लावून एकदा मैदानावर यावे. पहिल्या दिवशी बहुधा एकही गोळी झाडावयास मिळणार नाही. बोट कोठे ठेवू नये, एवढेच शिकवतील. तो धडा मन लावून शिकावा. नेमाआधी नेम शिकावा लागतो.